विमानतळ जागच्या जागी, वाट मात्र लांबली

फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकियो या दोन शहरांच्या विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. हे अंतर १९८३ साली जेवढे होते तेवढेच २०१९ साली होते व आजही तेवढेच आहे. प्रवासाच्या वेळेचे मात्र तसे नाही. १९८३ साली ही वाट तोडायला विमानाला सुमारे तेरा तास लागत. २०१९ साली साडेनऊ तास पुरत. आणि २०२२ च्या मार्चपासून पुन्हा तेरा तासांच्या आसपास लागू लागले. मधल्या चाळीस वर्षांत विमानाची इंजिने सुधारली, त्याचा देह हलका झाला, वाट दाखवायला आकाशात उपग्रह आले. तरीही घड्याळाचा काटा फिरून होता तिथेच आला. याचे कारण अभियंत्यांकडे विचारून उपयोग नाही. ते परराष्ट्र मंत्रालयांच्या दफ्तरात शोधावे लागते.

दोन विमानतळांमधले अंतर म्हणजे नेमके काय, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. भिंतीवरच्या नकाशावर हेलसिंकीपासून टोकियोपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती कझाकस्तान, मंगोलिया अशा प्रदेशांच्या रोखाने जाते आणि विद्यार्थी सहजच समजतो की हीच जवळची वाट. शाळेच्या कपाटात पृथ्वीगोल असेल तर त्यावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहावा. दोरा आपण होऊन उत्तरेकडे सरकतो, उरल पर्वताच्या उत्तर टोकाजवळ आर्क्टिक वृत्ताला ओलांडतो आणि मग सायबेरियावरून तिरपा उतरत जपानला पोहोचतो. भूगोलात याला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. गोलावरची सर्वांत जवळची वाट सपाट कागदावर वाकडी दिसते. त्यात दोष कागदाचा, वाटेचा नव्हे. सपाट नकाशावर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना युरोपहून जपानला जाणारे विमान ‘इतक्या वर’ का जाते हे कोडे वाटावे, यात नवल नाही. भूगोलाच्या तासाला पृथ्वीगोलावरील धूळ झटकली जात नाही तोवर ते कोडे राहणारच.

आता या जवळच्या वाटेने जावयाचे तर रशियाच्या आकाशातून जाणे भाग आहे. त्याला पर्याय नाही, आणि सारी मेख तिथेच आहे.

निसर्गही विमानांची वाट कधी लांबवतो, कधी आखडतो, हे खरे. पृथ्वीच्या मध्यम अक्षांशांवर, विमाने ज्या उंचीवरून उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगाने वारे वाहतात. त्यांना पाठीशी घेतले तर लांबची वाटही लवकर सरते. एअर इंडियाने २०१६ च्या ऑक्टोबरात याचा चांगला दाखला घालून दिला. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे तिचे विमान तोवर पश्चिमेकडून, अटलांटिक महासागरावरून जात असे. ती वाट होती सुमारे १३,९०० किलोमीटरची. त्याऐवजी ते पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेण्यात आले. वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची झाली, म्हणजे चौदाशे किलोमीटरने वाढली. परंतु प्रवास साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा लवकर, पार पडला. वाऱ्याशी असे करार करता येतात, कारण वारा कोणाचे पारपत्र पाहत नाही. राज्यांशी करार करणे अधिक अवघड असते.

आकाशाची मालकी कोणाची, हा प्रश्न १९४४ साली शिकागो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निकालात निघाला. दुसरे महायुद्ध अद्याप संपावयाचे होते. त्या वर्षीच्या ७ डिसेंबरला ५२ राष्ट्रांनी ज्या करारावर सह्या केल्या त्याचे पहिलेच कलम सांगते की, आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राज्याचे संपूर्ण व अनन्य सार्वभौमत्व आहे. समुद्राच्या बाबतीत मानवजातीने वेगळा न्याय लावला होता. किनाऱ्यापासून काही अंतरापलीकडचे पाणी सर्वांचे मानले होते. आकाशाला तो न्याय मिळाला नाही. त्याच परिषदेत एक जोडकरार झाला आणि त्यावर सही करणाऱ्या राष्ट्रांनी एकमेकांच्या नियमित प्रवासी विमानांना न उतरता वरून जाण्याची, तसेच इंधनासारख्या कारणांसाठी उतरण्याची मुभा दिली. भारत या जोडकरारात आहे, पाकिस्तान आहे. सोव्हिएत संघ शिकागोच्या परिषदेकडे फिरकलाच नव्हता. १९७० साली तो आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेत आला, परंतु या जोडकरारात नाही. आणि त्याचा वारस असलेला रशियाही आजवर त्याबाहेरच आहे. जगातील सर्वांत विस्तीर्ण देशाने आपल्या आकाशाची किल्ली आपल्याच कनवटीला ठेवली.

तिचा परिणाम कोणी भोगला? युरोप आणि जपान यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्यांनी. विमाने एकतर कराची, कलकत्ता, बँकॉक असे थांबे घेत दक्षिणेकडून जात, किंवा मग जगाच्या माथ्यावरून. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगनहून अलास्कातील अँकरेजमार्गे टोकियोला जाणारी ध्रुवीय सेवा सुरू केली, तेव्हा दक्षिणेकडच्या वाटेच्या मानाने प्रवास वीसएक तासांनी कमी झाल्याचे मोठे कौतुक झाले. पुढची तीन दशके अँकरेज हे युरोप-जपान प्रवासाचे ठरलेले विश्रांतिस्थान होऊन बसले. अमेरिकेच्या त्या बर्फाळ कोपऱ्यात जपानी प्रवाशांसाठी उदोन शेवयांचे दुकान चाले आणि ते त्या पिढीच्या जपानी लोकांना आजही आठवते. पॅरिसहून टोकियोला जाणाऱ्याने वाटेत अलास्कात शेवया खाव्यात, यात भूगोलाचा काडीचाही संबंध नव्हता.

फिनएअर या फिनलंडच्या कंपनीने २२ एप्रिल १९८३ रोजी अँकरेजचा थांबाही वगळला. डीसी-१० जातीच्या विमानात जादा इंधनाची सोय करून ते हेलसिंकीहून थेट उत्तर ध्रुवाकडे जाई, तेथून अलास्का व रशिया यांच्यामधल्या बेरिंग सामुद्रधुनीवरून खाली वळे आणि सोव्हिएत हद्दीला वळसा घालून टोकियोला उतरे. पश्चिम युरोपातून जपानला न थांबता जाणारी ही पहिली नियमित सेवा. प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचे प्रमाणपत्र मिळे. हा वळसा किती जिवावरचा होता हे त्याच वर्षी चार-साडेचार महिन्यांत जगाला कळले. १ सप्टेंबर १९८३ रोजी अँकरेजहून सोलला निघालेले कोरियन एअर लाइन्सचे विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि साखालीन बेटाजवळ लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर, १९८४ च्या मे महिन्यात, उड्डाणात असलेल्या नागरी विमानावर शस्त्र चालवू नये, असे कलम शिकागो करारात घालण्याचे ठरले. ते अमलात यायला १९९८ साल उजाडले. माणसे मारू नयेत, एवढ्या एका वाक्याला चौदा वर्षे लागली!

पुढे सोव्हिएत संघाची पकड ढिली झाली, मग तो संघच राहिला नाही, आणि सायबेरियाचे आकाश युरोपीय विमानांना खुले झाले. अर्थात फुकट नव्हे. या वाटेसाठी युरोपीय कंपन्यांना वर्षाकाठी कोट्यवधी युरो मोजावे लागत आणि ही रक्कम बहुतांशी एरोफ्लोट या रशियन कंपनीच्याच पदरात पडे. प्रतिस्पर्ध्याला जकात भरून धंदा करण्याचा हा प्रकार युरोपला जाचत होता, तरी वाचणारे तास अधिक मोलाचे होते. फिनएअरने तर आपला सारा व्यवसाय या एका भौगोलिक योगावर उभारला. साडेनऊ तास जाण्याचे, साडेनऊ तास येण्याचे, मध्ये विमान साफसूफ करून पुन्हा भरण्याचे; म्हणजे एकच विमान चोवीस तासांत जपानची फेरी करून परत हेलसिंकीला हजर. युरोपातील लहानमोठ्या शहरांतून प्रवासी हेलसिंकीत आणावेत आणि तेथून आशियात न्यावेत, असा तो हिशेब होता. पन्नास-पंचावन्न लाख वस्तीच्या देशाने केवळ पृथ्वीच्या गोलपणाचे भांडवल करून असा व्यवहार उभा करावा, याचे कौतुकच वाटते.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. २७ तारखेला युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले. २८ तारखेला रशियाने ३६ देशांच्या विमानांना आपले. आक्रमणाचा निषेध व्हायलाच हवा होता आणि युरोपने जे केले त्याला दुसरा सभ्य पर्याय होता असे आम्हाला वाटत नाही. परंतु त्याचे मोल कोणी दिले, हे पाहणेही आवश्यक आहे. मार्चमध्ये फिनएअरने टोकियोची सेवा पुन्हा सुरू केली ती ध्रुवावरून, किंवा मग दक्षिणेकडून लांबचा वळसा घेऊन. प्रवास झाला तेरा तासांचा. मोठे विमान ताशी पाच-सहा टन इंधन जाळते; तीन-साडेतीन तासांचे जादा इंधन आधी उचलावे लागते आणि ते उचलण्यासाठीही इंधन जळते. वैमानिक जास्त लागतात. चोवीस तासांत फेरी करणारे विमान आता त्या वेळेत परतूच शकत नाही, तेव्हा तेवढ्याच फेऱ्यांना विमाने जास्त हवीत. हे सर्व अखेर तिकिटाच्या किमतीत उतरते. ध्रुव ओलांडल्याचे प्रमाणपत्र प्रवाशांच्या हाती पुन्हा पडू लागले, ही त्यातल्या त्यात गंमत.

यात आणखी एक विचित्र गोष्ट झाली. चिनी कंपन्यांवर रशियाने बंदी घातलेली नाही. त्यामुळे लंडन आणि पेकिंग या त्याच दोन विमानतळांमध्ये चिनी विमान सरळ वाटेने जाते आणि ब्रिटिश विमानाला वळसा घालावा लागतो. एकाच दोन गावांमध्ये, एकाच दिवशी, विमानाच्या शेपटीवर कोणता झेंडा आहे यावर प्रवासाचे तास ठरू लागले. ब्रिटिश एअरवेजने २०२४ च्या ऑक्टोबरात आपली पेकिंगची सेवा स्थगित केली. अंतराच्या कोष्टकात ‘देशाचा झेंडा’ असा एक रकाना घालावा लागेल, अशी ही वेळ आहे.

भारताला रशियाचे आकाश मोकळे राहिले, म्हणून आपण निश्चिंत होतो. त्या निश्चिंतीलाही एक प्रसंग येऊन गेला. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे पूर्व रशियातील मगदान येथे उतरवावे लागले. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी त्या दूरच्या गावी अडकले. काहींना शाळेच्या इमारतीत जमिनीवर गाद्या टाकून रात्र काढावी लागली. अमेरिकी बनावटीचे विमान, अमेरिकेला निघालेले प्रवासी आणि अमेरिकेच्या निर्बंधांखालील देश! दुसरे विमान पाठवून त्यांना पुढे नेण्यात आले आणि सर्वजण सुखरूप पोहोचले. परंतु सरळ वाटेचे सुखही कोणत्या धाग्यावर टांगलेले असते हे त्या दिवशी दिसले.

आपल्या घरचा अनुभव तर याहून जुना आहे. १९७१ च्या जानेवारीअखेरीस ‘गंगा’ हे भारतीय विमान पळवून लाहोरला नेण्यात आले व तेथे जाळण्यात आले. भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास मनाई केली. कराची ते ढाका हे अंतर भारतावरून सुमारे २,३५० किलोमीटर. श्रीलंकेला वळसा घालून ते साडेचार हजारांच्या वर गेले. एकाच देशाच्या दोन भागांमधील वाट दुप्पट झाली आणि त्या वर्षी पुढे जे घडले त्यात या लांबलेल्या वाटेचाही वाटा होता. पाकिस्तान आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेकडे गेले; अशा तक्रारीत संघटनेला अधिकार नाही, अशी आपली भूमिका होती. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १८ ऑगस्ट १९७२ रोजी ती अमान्य केली. ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. आकाश बंद करणे हा केवळ दोन राज्यांचा खाजगी मामला नाही, त्रयस्थाला त्यात लक्ष घालता येते, हे ज्या खटल्यात प्रस्थापित झाले त्यात अपील करणारा पक्ष आपण होतो.

२०१९ साली बालाकोटनंतर, २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत, पाकिस्तानचे आकाश बंद राहिले. त्या काळात २ जुलैपर्यंत एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. एअर इंडिया तेव्हा सरकारी मालकीची होती. म्हणजे हा तोटा शाळामास्तराच्या आणि कारकुनाच्या करातूनच भरून निघावयाचा होता, मग त्याने जन्मात विमानाची पायरी चढलेली असो वा नसो. पाकिस्ताननेही आपले साडेआठशे कोटी पाकिस्तानी रुपये बुडाल्याचे जाहीर केले. दोघांनीही एकमेकांना शिक्षा केली आणि दोघांनीही दंड भरला.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगाम येथे २६ निरपराध माणसांची हत्या झाली. त्यानंतर २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना व ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांना आकाश बंद केले, आणि पुढे ही मुदत महिन्यामहिन्याने वाढवली जाऊ लागली. मुंबईहून अरबी समुद्रावर निघून जाता येते, त्यामुळे येथील प्रवाशाला झळ कमी; उत्तर भारताला अधिक. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना आरंभी व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी थांबावे लागले. दिल्ली-वॉशिंग्टन सेवा एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंद केली, तेव्हा विमानांच्या नूतनीकरणाबरोबरच हेही कारण दिले. ताश्कंदचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. लालबहादूर शास्त्रींच्या मृत्यूमुळे हे नाव प्रत्येक भारतीयाला ठाऊक आहे. दिल्लीपासून ते सरळ रेषेत सुमारे १,६०० किलोमीटरवर, म्हणजे तिरुवनंतपुरमपेक्षाही जवळ. इंडिगोची लहान विमाने तेथे जात. आकाश बंद होताच वळसा त्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेला आणि ती सेवा एप्रिलअखेरीसच थांबवावी लागली, अल्माटीचीही.

आकाश कधीच बंद करू नये, असे आमचे म्हणणे नाही. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर मलेशियाचे विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ माणसे मेली, तेव्हा दोष आकाश बंद केल्याचा नव्हता. पुरेसे बंद न केल्याचा होता. ३२,००० फुटांखालचे आकाश बंद होते आणि विमान ३३,००० फुटांवर होते. जेथे तोफा धडधडत आहेत तेथून प्रवाशांना दूर ठेवणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. शिकागो कराराचे नववे कलम आणीबाणीत व सार्वजनिक सुरक्षिततेसाठी तात्पुरती बंदी घालण्याची मुभा देते, ते यासाठीच. मात्र त्या कलमातच एक अट आहे: बंदी घालावयाची तर सर्व परदेशी विमानांना सारखीच, राष्ट्रीयत्व न पाहता. धोका खरा असेल तर तो सर्वांनाच असतो. एका देशाच्या विमानांना बंदी आणि शेजारून दुसऱ्या देशाची विमाने खुशाल जात आहेत, असे असेल तर तेथे सुरक्षिततेचे नाव घेण्यात अर्थ नाही. ती शिक्षा असते, आणि ती ज्याला व्हावयाची त्याला होत नाही. दहशतवादी दिल्ली-ताश्कंदच्या विमानाची वाट पाहत बसलेला नसतो.

युद्धकाळात व राष्ट्रीय आणीबाणीत राज्यांना करारातून मोकळीक देणारे कलमही आहे, आणि सरकारे त्याचा आधार घेऊ शकतात. म्हणूनच मर्यादा घालावयाची तर ती काळाची घालावी. एखाद्या देशाच्या विमानांपुरती घातलेली बंदी तीन महिन्यांपेक्षा जास्त चालवावयाची असेल, तर ती का चालवावयाची हे आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मंडळापुढे मांडणे त्या राज्यावर बंधनकारक असावे. भारताने ही मागणी स्वतः पुढे करावी. १९७२ साली आपण ज्या अधिकाराला आक्षेप घेतला होता, त्याचा उपयोग आज आपल्यालाच अधिक आहे, कारण पाकिस्तानची फारच थोडी विमाने भारतावरून जात आणि आपली कितीतरी अधिक त्यांच्यावरून.

त्याखेरीज दोन गोष्टी तर कोणाच्याही संमतीवाचून आपल्याला करता येण्याजोग्या आहेत. वैमानिकांसाठीच्या सूचनेतील दोन ओळींनी दर महिन्याला जी मुदत वाढते, तिच्यासोबत त्या महिन्यात किती तास, किती इंधन आणि किती रुपये जादा गेले याचा तक्ता संसदेपुढे ठेवावा. २०१९ साली आकडे सांगितले गेले ते प्रश्न विचारला गेला म्हणून. आणि विमान कंपन्यांनी तिकीट विकताना त्या वेळी प्रत्यक्ष चालू असलेल्या वाटेचे तास, वाटेत इंधनासाठी थांबण्याची शक्यता असल्यास तीही, आधी सांगावी. कर्ज काढून मुलाला परदेशी शिकायला पाठवणाऱ्या बापाला, आपला मुलगा वाटेत व्हिएन्नाला उतरणार आहे, हे विमान उडाल्यावर कळू नये.